नवा मिटता चाकू : मोकळा करावा, ढिला करू नये

शेतीच्या अवजारांची यादी करावयास सांगितले तर कोणताही शेतकरी नांगर, कुळव, तिफण, कोळपे, विळा, खुरपे आणि कोयता ही नावे सहज सांगतो. खिशातला मिटता चाकू ह्या यादीत क्वचितच येतो. वास्तविक सकाळी घर सोडल्यापासून सायंकाळी गोठ्यात परत येईपर्यंत ज्याच्याशी हाताची सर्वांत अधिक गाठ पडते, असे अवजार हेच होय. बियाण्याच्या पिशवीची शिवण उसवणे, पोत्याच्या तोंडाची सुतळी तोडणे, ठिबकची नळी कापणे, जनावराच्या गळ्यात अडकलेला दोर सोडविणे, फांदी छाटणे, डोळा भरणे, कलम बांधणे ही सारी कामे चाकूच करतो. कामाच्या मानाने त्याची किंमत अल्प, म्हणून त्याच्याकडे लक्षही अल्प दिले जाते. त्याचा परिणाम असा होतो की चांगल्या पोलादाचा नवा चाकू वर्षभरात गंजतो, ढिला होतो किंवा मोडतो, आणि दोष मात्र कारखान्याच्या माथी मारला जातो.

दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, सोलापूर ते वाडी ह्या लोहमार्गावरील आणि कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारपेठेचे गाव आहे. येथील बाजारात मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. आणि चाकूला दोन्ही भाषांत चाकू असेच म्हणतात. तुरीसारख्या भुसार मालाच्या पेठेत चाकूवाचून कोणाचेच चालत नाही. पोते उघडणारा, सुतळी तोडणारा आणि बांधावरच्या बोरीला डोळा भरणारा अशा सर्वांच्या खिशात तो असतो.

ह्या शिवारातील एखाद्या तरुण शेतकऱ्याचे उदाहरण डोळ्यापुढे आणावे. बांधावरील रानबोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरावयाचा म्हणून तो साध्या पोलादाचा नवा चाकू घेतो. डोळकाडी दूरच्या रोपवाटिकेतून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली असते. खुंटाची साल नेमकी सुटू लागलेली असते. अशा वेळी चाकू उघडता उघडत नाही. नख खाचेत बसते, पण पाते हलत नाही. जोर केला तर नख दुमडते. तो पक्कडीने पाते ओढतो. पाते एकदम उघडते आणि बोटांवर येते. हात बांधून घरी बसावे लागते, डोळकाडी सुकते, खुंटाची साल पुढे सुटेनाशी होते. चाकूचा घट्टपणा हे निमित्त लहान, परंतु हंगाम मात्र हातचा जातो. हा प्रसंग टाळण्यास फार खर्च लागत नाही. एक आठवडा, थोडे साबणाचे पाणी आणि तेलाचे चार थेंब एवढे पुरे होते.

चाकू घट्ट का असतो?

मिटत्या चाकूची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. पाते एका आडव्या खिळ्याभोवती फिरते. त्यास आसाचा खिळा म्हणू. मुठीच्या दोन गालांच्या आत पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात आणि पात्याचे बूड त्या दोहोंच्या मध्ये बसते. मुठीच्या पाठीला पोलादी कमान असते. ही कमान पात्याच्या बुडावर सतत दाब देत राहते. पाते उघडू लागले की बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. पाते पूर्ण उघडले की कमान पुन्हा खाली बसते व पाते जागेवर धरून ठेवते. मिटताना हीच क्रिया उलट होते. चाकू उघडताना व मिटताना जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो कमान जागेवर बसल्याचा आवाज होय.

नव्या चाकूत घट्टपणा येण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण मळ. पाते चकचकीत करताना वापरलेला लेप, घासताना उडालेला पोलादाचा बारीक चुरा आणि गंज चढू नये म्हणून लावलेले वंगण ही सर्व सांध्यात साठतात. माल दुकानात बराच काळ पडून राहिला तर हे वंगण वाळून डिंकासारखे होते. दुसरे कारण पृष्ठभागांचा खरखरीतपणा. पात्याचे बूड, कमान आणि आतील पट्ट्या वरून गुळगुळीत भासल्या तरी त्यांवर बारीक उंचवटे असतात; ते एकमेकांना अडतात. तिसरे कारण कमानीचा नैसर्गिक जोर. हा जोर दोष नसून गुण आहे. तोच पाते धरून ठेवतो आणि काम करताना ते बोटांवर मिटू देत नाही.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिली दोन कारणे दूर करावयाची आहेत. तिसरे जपावयाचे आहे. जो शेतकरी घाईने तिन्ही कारणांवर एकदम घाव घालतो, त्याचा चाकू मोकळा न होता ढिला होतो. ढिला चाकू घट्ट चाकूपेक्षा अधिक धोक्याचा असतो. घट्ट चाकू उघडताना त्रास देतो, तर ढिला चाकू कामाच्या ऐन भरात हाताचा घात करतो.

पहिली पायरी : धुलाई

नवा चाकू आणल्यावर त्यास लगेच तेल पाजण्याची अनेकांना सवय असते. हे चुकीचे आहे. आत साठलेला चुरा आणि लेप तेलात कालवला गेला की त्याची खळ बनते व ती सांधा नीट करण्याऐवजी वेडावाकडा झिजविते. म्हणून आधी धुवावे, मग तेल द्यावे.

मूठ धातूची, शिंगाची किंवा प्लॅस्टिकची असल्यास वाटीभर कोमट पाण्यात साबण विरघळवून घ्यावा. पात्याच्या धारेवर चिकटपट्टीचा एकच पातळ थर लावावा, म्हणजे धुताना हात कापत नाही. पाते अर्धवट उघडून दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने सांधा, कमानीची आतील बाजू आणि पाते बसण्याची खोबण घासावी. मग पाण्यातच पाते दहा-पंधरा वेळा उघडावे व मिटावे. पाणी काळसर होईल. ते फेकून दुसरे घ्यावे. पाणी स्वच्छ निघू लागले की धुलाई झाली असे समजावे. वंगण फारच वाळलेले असेल तर रॉकेलचे काही थेंब सांध्यात सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी साबणाच्या पाण्याने धुवावे. रॉकेल हाताळताना जवळ विस्तव किंवा पेटती विडी नसावी.

मूठ लाकडाची असेल तर चाकू पाण्यात बुडवू नये. लाकूड पाणी पिऊन फुगते, मुठीची खोबण आवळली जाते आणि चाकू पूर्वीपेक्षा घट्ट होतो. अशा चाकूचा सांधा ओल्या ब्रशाने घासून लगेच पुसावा. पावसाळ्यात लाकडी मुठीचा चाकू आपोआप घट्ट होण्याचे कारणही हेच आहे. हवा कोरडी झाली की तो पुन्हा मोकळा होतो. तोवर त्याच्याशी झगडू नये.

धुतल्यानंतर चाकू झटकून, फडक्याने पुसून, पाते अर्धे उघडे ठेवून उन्हात तासभर वाळवावा. सांध्यात पाणी राहिले तर साध्या पोलादाला गंज धरण्यास एक रात्र पुरते.

दुसरी पायरी : तेल

तेल पातळ, स्वच्छ आणि न वाळणारे असावे. शिलाई यंत्राचे तेल ह्या कामास उत्तम. त्याची लहान बाटली घेतली तर एका चाकूला कित्येक वर्षे पुरते. खाद्य तेलाचा मोह मात्र टाळावा. सोलापूरकडील घरांत करडईचे तेल परिचयाचे असल्याने तेच चाकूला लावले जाते. परंतु करडईचे तेल हवेत वाळून घट्ट होणाऱ्या तेलांपैकी आहे. ह्याच गुणामुळे ते रोगण करण्यास उपयोगी पडते. पूर्वी करडईच्या बियांपासून काढलेले काळे चिकट तेल दोर व चामड्याची मोट टिकविण्यासाठी वापरीत. जो गुण मोटेला उपकारक, तोच चाकूच्या सांध्याला मारक. काही आठवड्यांत ते तेल सांध्यातच वाळते आणि चाकू पुन्हा बसतो. पाते खाण्याच्या जिनसा कापण्यास वापरावयाचे असेल तर पात्यावर खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा. पण सांध्यात यंत्राचेच तेल द्यावे, आणि बाहेर आलेले तेल पुसल्याखेरीज त्या चाकूने खाण्याची वस्तू कापू नये. मोटारीच्या इंजिनातून काढलेले काळे तेल कधीही वापरू नये. त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते.

तेल किती द्यावे? आसाच्या खिळ्याशी दोन्ही बाजूंनी एकेक थेंब आणि कमान व बूड जेथे भिडतात तेथे एक थेंब, एवढे पुरे. अधिक तेल बाहेर वाहते, खिशातील धूळ आणि तंबाखूची पूड धरून ठेवते. काळ्या रानातील उन्हाळी धूळ तर अति बारीक असते; तेलकट चाकूवर ती बसली की सांध्यात शिरण्यास वेळ लागत नाही.

तिसरी पायरी : उघडझाप

तेल दिल्यावर चाकूस राबविणे हाच घट्टपणा घालविण्याचा खरा उपाय आहे. सकाळी पन्नास वेळा आणि सायंकाळी पन्नास वेळा पाते सावकाश पूर्ण उघडावे व पूर्ण मिटावे. ह्या घासणीने बुडावरील व कमानीवरील बारीक उंचवटे एकमेकांवर घासून सपाट होतात. प्रारंभी सांध्यातून काळे तेल बाहेर येईल. हे काळेपण म्हणजे झिजलेल्या पोलादाचा चुरा होय. ते दररोज फडक्याने पुसून काढावे आणि नवा थेंब द्यावा. तीन-चार दिवसांनी काळेपण कमी होते. आठवड्याच्या सुमारास तेल बहुतांशी स्वच्छ येऊ लागते. ते स्वच्छ आले की सांधा जुळला असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर एकदा पुन्हा साबणाच्या पाण्याने किंवा ओल्या ब्रशाने सांधा साफ करावा, वाळवावा आणि अखेरचे तेल द्यावे.

ही उघडझाप करताना बसण्याची व धरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. चालताना, बोलताना किंवा मुले भोवती असताना हे काम करू नये. मूठ डाव्या हातात अशी धरावी की बोटे खोबणीच्या तोंडावर येणार नाहीत. पाते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनी दोन्ही बाजूंनी, पाठीकडून चिमटीत धरावे. केवळ नखाच्या खाचेवर भिस्त ठेवू नये. बोटे घसरत असल्यास पातळ चामड्याचा तुकडा चिमटीत घ्यावा. नख बसत नसेल तर खाचेत नाण्याची कड घालून पाते थोडे उचलावे आणि मग चिमटीने उघडावे. मिटताना पात्याच्या पाठीवर तळहाताने दाब द्यावा. पाते अर्ध्यावर आले की कमान त्यास एकदम आत ओढते. बोटे कापतात ती बहुधा ह्याच क्षणी. म्हणून शेवटचा टप्पा नेहमी सावकाश घ्यावा.

काही चाकूंत खिळ्याऐवजी पेच असतो. असा पेच फार आवळलेला असेल तर तो अगदी थोडा, आट्याच्या आठव्या भागाइतका सैल करून पाहावा. पाते पूर्ण उघडून डावीकडे-उजवीकडे हलविले असता ते डुलू लागले तर पेच अधिक सैल झाला आहे असे समजून परत आवळावा.

काय करू नये?

घट्ट चाकूवर होणारे चार अत्याचार नेहमी पाहण्यात येतात.

पहिला अत्याचार हातोडीचा. आसाच्या खिळ्यावर ठोके घातले तर खिळा सैल होत नाही. उलट त्याचे डोके पसरते आणि गाल अधिक आवळतात. ढिल्या चाकूस लोहार ज्या युक्तीने आवळतो, तीच युक्ती घट्ट चाकूवर करण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा विस्तवाचा. चुलीवर पाते धरले की ते लोखंड फुगून सुटेल, अशी काहींची समजूत असते. पोलादाला जे पाणी दिलेले असते, ते तापविण्याने उतरते. पात्यावर प्रथम पिवळसर व नंतर निळा रंग चढला की त्याचा कठीणपणा घटला असे समजावे. अशा पात्याला लावलेली धार टिकत नाही.

तिसरा राखेचा किंवा वाळूचा. सांध्यात बारीक वाळू घालून चाकू फिरविला तर तो लवकर मोकळा होतो हे खरे. पण ती वाळू कोठे झिजवील यावर आपला ताबा राहत नाही. खिळ्याचे भोक लांबट होते आणि पाते कायमचे डुलू लागते.

चौथा तरफेचा. पात्याचे टोक फटीत घालून उचकटणे, डब्याचे झाकण उघडणे किंवा खिळा उपटणे ही कामे चाकूची नव्हेत. पाते कापण्यासाठी घडविलेले असते; ते आडवा जोर सहन करू शकत नाही.

चौथी पायरी : धार

धार लावण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. घट्ट चाकूस आधी तीक्ष्ण धार लावून मग त्याच्याशी झटापट करणे म्हणजे जखमेला निमंत्रण देणे होय.

धारेसाठी बाजारात मिळणारा दुहेरी दगड पुरेसा आहे. त्याची एक बाजू जाडी व दुसरी बारीक असते. दगड पाण्याने ओला ठेवावा. घरगुती व शेतीच्या सामान्य कामाच्या चाकूस दोन्ही बाजूंनी सुमारे वीस अंशांचा उतार ठीक पडतो. कोन मोजण्याचे साधन शेतकऱ्याजवळ नसते. त्यासाठी सोपा हिशेब असा की पाते दगडावर आडवे ठेवून त्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश उंच उचलावी. पाते पंधरा मिलिमीटर रुंद असेल तर पाठ पाच मिलिमीटर उचलली की वीस अंश होतात. हा कोन न बदलता पाते धारेच्या दिशेने, दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा बेताने सारावे. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूस धारेच्या कडेला बोटाला जाणवेल अशी बारीक करकरीत कोर येते. ती संपूर्ण लांबीवर आली की बाजू बदलावी. पुढे बारीक दगडावर हलक्या हाताने घासून, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे व धार मागे ठेवून, दहा-वीस वेळा ओढावे. राहिलेली कोर त्याने निघून जाते.

कलमाच्या चाकूची गोष्ट निराळी आहे. त्याला बहुधा एकाच बाजूने उतार असतो व दुसरी बाजू सपाट असते. त्यामुळे काप सरळ व सपाट येतो. अशा चाकूची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच हलकेच घासावी. तिला उतार देऊ नये. फिरत्या यंत्रावर धार लावणाऱ्याकडे हा चाकू देऊ नये. यंत्राच्या वेगाने पातळ धार तापते आणि पोलादाचे पाणी उतरते.

धार पाहण्यासाठी अंगठा धारेवरून लांबीने फिरविणे ही धोक्याची सवय आहे. त्याऐवजी कोवळी काडी तिरपी कापून पाहावी. काप आरशासारखा गुळगुळीत आला आणि साल कोठे चिरडली वा सुटली नाही, तर धार कामास योग्य आहे.

धारेवर कलम का अवलंबून असते?

झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक अति पातळ, ओलसर थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्यास एधा म्हणतात. खुंटाचा हा थर आणि कलमकाडीचा किंवा डोळ्याचा थर एकमेकांना भिडले तरच दोन्ही एकजीव होतात. बोथट चाकूने काप घेतला तर पेशी चिरडतात, कापावर उंचवटे राहतात, मध्ये हवेची फट पडते आणि थर भिडण्यापूर्वीच वाळतात. बोरीचा डोळा असो, सीताफळाचे कलम असो, किंवा डॉगरिज खुंटावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावयाचे द्राक्षाचे पाचर कलम असो, नियम एकच आहे. काप एका ओढीत आला पाहिजे. घट्ट, अडखळणाऱ्या चाकूने हाताचा निम्मा जीव चाकू सांभाळण्यात जातो आणि एका ओढीचा काप येत नाही.

सोलापूर जिल्ह्याला ह्या गोष्टीचे महत्त्व अधिक पटावे. नान्नज येथील प्रयोगशील बागाईतदार नानासाहेब काळे यांनी निवडलेली ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात येथून दूरवर पसरली ती बियांतून नव्हे, तर काडी आणि कलम यांच्याद्वारे. चांगल्या झाडाचा गुण जसाच्या तसा पुढे नेण्याचे काम चाकूच्या पात्यावरूनच होते.

तेल्या रोग आणि चाकू

परंतु ज्या पात्यावरून गुण जातो, त्याच पात्यावरून रोगही जातो. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली झाली. महाराष्ट्रातील डाळिंब बागांना 2000 नंतरच्या दशकात त्याचा मोठा तडाखा बसला. सोलापूर येथे 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि सोलापूरच्या डाळिंबास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या पिकावर जिल्ह्याने एवढी आशा ठेवली आहे, त्यात रोगट झाडाचा रस पात्यावर घेऊन निरोगी झाडाकडे जाणे हा मोठाच निष्काळजीपणा होय.

ह्यासाठी प्रत्येक झाडानंतर छाटणीचे हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात बुडवून निर्जंतुक करावे, अशी शिफारस आहे. पाच टक्के तीव्रतेचे द्रावण मिळाल्यास त्यात तितकेच पाणी मिसळले की अडीच टक्क्यांचे होते. द्रावण रोज ताजे करावे व सावलीत ठेवावे. त्यात आम्ल किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

येथे एक अडचण उभी राहते. जे द्रावण झाडाला वाचविते, तेच पोलादाला खाते. साध्या पोलादाचा चाकू त्यात दिवसभर बुडवून काढला आणि तसाच ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो. उलट पोलादाला वाचविणारे तेल कलमाच्या कापावर लागले तर जोड बिघडतो. म्हणून क्रम ठरवून घ्यावा. कामाला निघताना पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तेल काढावे. काम चालू असता प्रत्येक झाडानंतर निर्जंतुकीकरण करावे. काम संपल्यावर चाकू साध्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच सांध्यात व पात्यावर तेल द्यावे.

शिवाय मिटत्या चाकूच्या सांध्यात शिरलेला रस द्रावणात बुडवूनही पूर्णपणे निघत नाही. ह्यास्तव तेल्याग्रस्त बागेत मिटता चाकू वापरूच नये. तेथे छाटणीची कात्री किंवा अखंड पात्याचा चाकू वापरावा. कलमे व डोळे भरण्याचा चाकू निराळा ठेवावा आणि तो रोगट झाडास लावू नये.

काळेपण आणि गंज

साध्या पोलादाचा चाकू वापरात काळसर पडतो. डाळिंबाची साल, लिंबू, चिंच, कैरी यांतील आम्ल व तुरट द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून हा रंग येतो. हे काळेपण पात्याला अपाय करीत नाही. उलट थोडेफार संरक्षणच देते. चकचकीत करण्याच्या हौसेने ते दररोज घासून काढण्याचे कारण नाही. तांबूस, भुरभुरीत डाग मात्र गंजाचा होय. तो दिसताच तेलात भिजविलेल्या फडक्यावर चाळलेली राख घेऊन पात्यावर घासावा. राख सांध्यात जाऊ देऊ नये, आणि नंतर पाते स्वच्छ पुसावे.

इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअरली यांनी 1913 साली क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. तेव्हापासून स्टेनलेस चाकू सर्वत्र झाले. ते गंजत नाहीत असे म्हणण्यापेक्षा ते उशिरा गंजतात असे म्हणणे अधिक योग्य. घाम, खताचा अंश आणि हायपोक्लोराइट यांनी त्यांवरही डाग पडतात. तसेच त्यांचा सांधा साध्या चाकूइतकाच घट्ट असू शकतो. म्हणून धुलाई, तेल आणि उघडझाप ह्या तिन्ही पायऱ्या त्यांनाही लागू आहेत.

नेहमीची निगा

चाकू एकदा मोकळा झाला की निगा फारशी लागत नाही. रोज काम संपल्यावर पाते पुसावे. आठवड्यातून एकदा खोबणीतील कचरा काडीने काढावा. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, सांध्यात एक थेंब तेल द्यावे. युरिया किंवा मिठाच्या पोत्याजवळ चाकू ठेवू नये. दीर्घकाळ ठेवावयाचा असल्यास चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळावा.

इतके करूनही हात कापलाच, तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. जखमेत माती, तंबाखू किंवा शेण भरू नये.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कलमाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे हे प्रात्यक्षिक दाखवावे. चावडीवर किंवा देवळाच्या कट्ट्यावर शेतकऱ्यांना आपापले चाकू घेऊन बोलवावे. साबण, ब्रश, शिलाई यंत्राचे तेल, दगड आणि चामड्याचा पट्टा एवढ्या सामानात काम भागते. सांगण्यापेक्षा प्रत्येकाकडून स्वतःच्या चाकूवर करून घ्यावे. पुढील आठवड्यात पुन्हा एकत्र जमून कोणाचे तेल स्वच्छ आले, कोणाचे पाते डुलते, हे पाहावे.

आरंभीच्या उदाहरणातील तरुण शेतकऱ्याने हात बरा झाल्यावर चाकू परत करण्यास निघावे आणि वाटेत त्यास एखादा वयोवृद्ध कलमकरी भेटावा, असे समजू.

“अप्पा, चाकू वाईट निघाला. दुकानात परत देतो.”

“वाईट कशावरून म्हणतोस, तम्मा? धुतलास का त्याला?”

“नवाच तर आहे. धुवायचा कशाला?”

“नव्यालाच धुवावं लागतं. इकडं दे तो. आठ दिवस संध्याकाळी माझ्या ओसरीवर ये. मग परत द्यायचा का ठेवायचा ते तूच ठरव.”

धाकट्या भावाला प्रेमाने ‘तम्मा’ म्हणणाऱ्या ह्या कन्नड वळणाच्या मराठीत सांगितलेला हा सल्ला प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानी धरण्यासारखा आहे. पुढील हंगामी बोरीची साल पुन्हा सुटेल, डोळकाडी पुन्हा आणता येईल. त्या दिवशी चाकू एका चिमटीत उघडावा आणि उघडल्यावर जागचा हलू नये, एवढी तयारी मात्र आधीच झालेली असावी.